कुरण ते गव्हाण : महाराष्ट्रातील दुभत्या जनावरांचा चारा व कोठीपोटाचे आरोग्य – एक ऐतिहासिक विवेचन (१८७८ ते २०१९)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायाचा इतिहास प्रामुख्याने सहकाराचा, संकरीकरणाचा आणि दूध संकलनाचा इतिहास म्हणून मांडला जातो. या मांडणीत संघ आहेत, संस्थापक आहेत, शीतकरण केंद्रे आहेत. गव्हाणीत काय पडत होते याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः दूध ही चाऱ्याची परिणती आहे आणि चारा ही जमिनीची. गवत कोणाच्या जमिनीवर उगवते, ते कोण कापते, त्यातील किती जनावरापर्यंत पोहोचते आणि उरलेली भूक कशाने भागवली जाते, हे प्रश्न पशुवैद्यकाइतकेच इतिहासाचेही आहेत. दुभत्या जनावरांतील आम्लधर्मी अपचन, पोटफुगी, दुधातील स्निग्धांश घटणे व खुरांचे विकार यांची चर्चा सामान्यतः गोठ्याच्या व्यवस्थापनापुरती मर्यादित ठेवली जाते. या विकारांना दीडशे वर्षांची सामाजिक व आर्थिक पार्श्वभूमी आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्या दृष्टीने प्रथम कोठीपोटाविषयीच्या शास्त्रीय ज्ञानाचा विकास आणि त्यानंतर महाराष्ट्रातील चाऱ्याच्या स्थित्यंतराचे टप्पे यांचा येथे विचार केला आहे.

कोठीपोटाचे शास्त्र : ज्ञानाचा विकास

गाय-म्हैस यांच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट, ज्यास शास्त्रीय परिभाषेत रुमेन म्हणतात. मोठ्या गाईत त्याची धारणक्षमता १०० लिटरांहून अधिक असते. गवतातील तंतुमय घटक पचविणारे पाचकद्रव्य गाईच्या शरीरात तयार होत नाही. ते कार्य कोठीपोटातील सूक्ष्मजीव करतात. १८४३ मध्ये ग्रुबी व देलाफों या फ्रान्समधील संशोधकांनी कोठीपोटातील आदिजीवांचे वर्णन केले. सेल्युलोजचे विघटन तेथील किण्वनाने होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन संशोधकांनी दाखवले. १९४४ मध्ये केंब्रिज येथे बारक्रॉफ्ट, मॅकॅनली व फिलिपसन यांनी किण्वनातून निर्माण होणारी बाष्पनशील मेदाम्ले कोठीपोटाच्या भित्तिकेतून थेट रक्तात शोषली जातात, हे प्रयोगाने सिद्ध केले. पुढे अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी प्राणवायूविरहित वातावरणात हे जीवाणू वाढविण्याची पद्धत विकसित केली. त्यांचा ‘द रुमेन अँड इट्स मायक्रोब्ज’ हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ असा, की गाईला चारा घालणे म्हणजे प्रथम तिच्या पोटातील सूक्ष्मजीवांना चारा घालणे होय. लांब तंतूंचा चारा चघळताना व रवंथ करताना विपुल लाळ स्रवते. मोठ्या दुभत्या गाईत ती दिवसाला १०० लिटरांच्याही पुढे जाते. लाळेतील क्षारांमुळे कोठीपोटाचा सामू साधारणपणे ६ ते ७ या मर्यादेत राहतो. तंतुमय चारा कमी आणि धान्य किंवा साखरयुक्त खाद्य जास्त झाले, की रवंथ घटते, लाळ घटते आणि आम्ल वाढते. सामू दीर्घकाळ ५.५ च्या आसपास राहिला तर तंतू पचविणारे जीवाणू निष्प्रभ होतात आणि आम्ल निर्माण करणारे व सहन करणारे जीवाणू बळावतात. धान्य एकाएकी जास्त खाल्ल्याने होणाऱ्या तीव्र अपचनात कोठीपोटातील सूक्ष्मजीवसृष्टी कशी पालटते, हे हंगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मेंढ्यांच्या अभ्यासातून दाखवले होते. तंतूंच्या किण्वनातून प्रामुख्याने ॲसेटिक आम्ल मिळते व दुधातील स्निग्धांश मोठ्या प्रमाणात त्यावर अवलंबून असतो. त्यामुळे गव्हाणीतील चारा कमी झाल्याची पहिली खूण पुष्कळदा दूध संस्थेच्या फॅटच्या नोंदीतच उमटते.

कायद्याच्या कुंपणातील गवत

मराठेशाहीत ‘घासदाणा’ हा शब्द कराचे नाव म्हणून रूढ होता. घोडदळाच्या वैरणीसाठी केलेली ही वसुली गवताचे राजकीय मूल्य स्पष्ट करते. तथापि गावाची गुरे मुख्यतः गायरान, पड जमीन व डोंगर यांवर चरत. या व्यवस्थेला निर्णायक धक्का १८७८ च्या भारतीय वन कायद्याने बसला. राखीव व संरक्षित वनांच्या आखणीमुळे चराई हा वहिवाटीचा हक्क न राहता फी भरून मिळणारी सवलत ठरू लागली. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा जोतीराव फुले यांनी या प्रश्नाची नेमकी नोंद घेतली. अल्पभूधारक कुटुंबे पूर्वी जवळच्या रानात एक-दोन गाई व शेळ्या चारून निर्वाह करीत आणि जंगलखात्याने डोंगर-दऱ्यांसह गायराने ताब्यात घेतल्यावर त्यांचा आधार तुटला, असे त्यांचे निरीक्षण आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला, ही बाब फुले यांच्या निरीक्षणाला पुष्टी देणारी आहे.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत गावाच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद होती. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही ती कायम ठेवली. कागदावर गायरान राहिले, परंतु त्याची निगा ही कोणाचीच जबाबदारी राहिली नाही. डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात गावांनजीक सरपण व चारा यांसाठी राखीव क्षेत्रे निर्माण करण्याची शिफारस केली होती. त्यानंतरच्या १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यात गुराढोरांची अपरिमित हानी झाली. अशा प्रसंगी राखीव जंगले तात्पुरती खुली करणे व गवताचे गठ्ठे पाठविणे हे उपाय योजले जात. चाऱ्याचा विचार दुष्काळातच करावयाचा, ही प्रशासकीय सवय याच काळात दृढ झाली.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात या अवस्थेतील दुष्टचक्र दाखवून दिले. चारा अपुरा, म्हणून जनावर निकृष्ट. निकृष्ट जनावरांवर काम भागत नाही, म्हणून ती अधिक संख्येने पाळावयाची. आणि संख्या वाढली, की चारा आणखी अपुरा. हे निदान अचूक होते. मात्र उपाययोजनेचा भर पुढील काळात चाऱ्यापेक्षा जनावराची जात सुधारण्यावर अधिक पडला.

मुंबईचे दूध आणि ठाण्याचे गवत

शहराच्या दुधामागे कोणाचे श्रम होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ठाणे जिल्ह्यात आढळते. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे सुके गवत उंबरगाव, डहाणू, पालघर या भागांतून जात असे. ते कापणारे वारली मजूर जमीनदारांच्या वेठीत जखडलेले होते. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन गवतकापणीच्या हंगामात, गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी संप पुकारला. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. त्याच महिन्यात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात आली आहे. आदिवासी चळवळीच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे. दुग्धव्यवसायाच्या इतिहासात मात्र तिचा उल्लेख होत नाही. महानगरातील म्हशीच्या कोठीपोटात जाणारा प्रत्येक पेंढा कोणाच्या तरी विळ्याखालून आलेला होता, ही जाणीव त्या इतिहासात असावयास हवी.

१९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि मुंबईतील म्हशी एका नियोजित परिसरात आणण्यास प्रारंभ झाला. तेथे पॅरा गवताची लागवडही करण्यात आली. तरीही बाहेरून येणारे सुके गवत व विकतचा खुराक यांवरील अवलंबन संपले नाही. चरणारे जनावर आता बांधलेले जनावर झाले होते.

कडब्याची पीछेहाट

घाटावरील दख्खन भागात जनावरांचा खरा आधार ज्वारीचा कडबा हा होता. येथील शेतकरी ज्वारीकडे धान्य व वैरण या दोन्ही दृष्टींनी पाहत असे. मंगळवेढा, बार्शी, मोहोळ या पट्ट्यातील रब्बी ज्वारीचा कडबा विशेष प्रसिद्ध होता. स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण दीर्घकाळ टिकून राहिला, याचे एक प्रमुख कारण त्याच्या कडब्याची प्रत हे आहे. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. त्याचे धान्योत्पादन अधिक होते, परंतु ताट बुटके असल्याने वैरण कमी मिळे. धान्याच्या तुटवड्याच्या त्या काळात हा निर्णय समर्थनीय होता. तथापि वाणाचे मोजमाप धान्याच्या क्विंटलमध्ये झाले, कडब्याच्या पेंढ्यांमध्ये झाले नाही. पुढे ऊस, सोयाबीन, कापूस व मका यांनी ज्वारीची जागा घेतली. १९८० च्या दशकात राज्यात ६० लाख हेक्टरांहून अधिक असलेले ज्वारीचे क्षेत्र २०१९ पर्यंत निम्म्याहूनही कमी झाले. सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा पूर्णतः भरून काढू शकत नाही. कळपांची संख्या बदलली नाही तरी गंजी लहान होत गेल्या.

पारंपरिक ज्ञानाचा एक मुद्दा येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी जनावरास घालू नये, अन्यथा ‘किराळ’ लागते, हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. अशा ताटांतून कोठीपोटात हायड्रोसायनिक आम्ल मुक्त होते, असे त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण आहे. नवा चारा आल्यावर मात्र अशा अनुभवसिद्ध ज्ञानाची साथ त्याला मिळतेच असे नाही.

संकरित गाय आणि पोत्यातील खुराक

३१ ऑक्टोबर १९६४ रोजी गुजरातमधील कंजरी येथील अमूलच्या पशुखाद्य कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० ते १९९६ या काळात ‘ऑपरेशन फ्लड’ राबविले गेले. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने संकरीकरण शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. १९६८ मध्ये राहुरी येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय विकसित केली. १९७०-७१ मध्ये सुमारे २ कोटी २० लाख टन असलेले देशाचे दूध उत्पादन २०२३-२४ मध्ये जवळपास २४ कोटी टनांवर गेले. हे यश असामान्य आहे आणि भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांना त्यातून रोख उत्पन्नाचे साधन मिळाले, हे नाकारता येणार नाही.

परंतु या यशाची एक अंगभूत विसंगती होती. संकरित गाईची गरज मोठी, तिची दूध देण्याची क्षमता मोठी. आणि तिला दिवसभर पुरेल इतका सकस चारा देणारी जमीन मात्र पाळणाऱ्याकडे नाही. ही दरी पोत्यातील पशुखाद्याने व पेंडीने भरून काढली गेली. अनेक दूध संस्थांत पशुखाद्य उधारीवर मिळते व त्याची रक्कम दुधाच्या बिलातून वळती होते. हिरव्या चाऱ्यासाठी अशी उधारीची सोय क्वचितच होती. परिणामी शेतकऱ्याच्या दृष्टीने खुराक सुलभ व चारा दुर्लभ झाला. राज्यात गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के फॅट व ८.५ टक्के एसएनएफ या प्रमाणकावर ठरतो. तंतुमय चारा घटल्याने फॅट उतरले, की दर कापला जातो. दर कापला गेला, की दूध वाढविण्यासाठी आणखी खुराक घातला जातो. आणि त्यामुळे कोठीपोट अधिकच आम्लधर्मी बनते. १९२८ च्या आयोगाने वर्णिलेल्या दुष्टचक्राची ही नवी आवृत्ती होय. पूर्वीचे चक्र उपासमारीचे होते, हे असंतुलनाचे आहे.

उपायांचे तीन प्रयोग

चाऱ्याच्या तुटवड्यावर झालेल्या उपायांपैकी तीन येथे विशेष उल्लेखनीय ठरतात. पहिला सुबाभळीचा. १९७० च्या दशकात बाएफने या वृक्षाचा मोठा प्रसार केला. त्याचा पाला प्रथिनयुक्त असला तरी त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. म्हणून एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक पाला देऊ नये, असा सल्ला दिला जाई. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील रेमंड जोन्स यांना हवाई बेटांवरील शेळ्या हा पाला भरपूर खाऊनही सुदृढ राहतात, असे आढळले. त्यांच्या कोठीपोटात या विषाचे विघटन करणारे जीवाणू होते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ते ऑस्ट्रेलियातील जनावरांत यशस्वीपणे संक्रमित करण्यात आले आणि १९९२ मध्ये त्यांना ‘सिनर्जिस्टेस जोन्साय’ असे नाव मिळाले. वनस्पती एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात सहज नेता येते, तिला पचविणारी सूक्ष्मजीवसृष्टी आपोआप सोबत येत नाही, हा यातील बोध आहे.

दुसरा प्रयोग निकृष्ट वैरणीवरील युरिया प्रक्रियेचा. १०० किलो काड किंवा पेंढ्यास ४ किलो युरियाचे द्रावण देऊन ते सुमारे २१ दिवस हवाबंद ठेवावयाचे, ही पद्धत १९८० च्या दशकात मोठ्या प्रमाणात सुचविली गेली. तिने पचनीयता वाढते, हे निर्विवाद आहे. तरीही ती व्यापक प्रमाणात रुजली नाही. पाणी वाहणे, द्रावण शिंपडणे, थर रचणे ही कामे शेवटी घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत. त्या श्रमाचे मूल्य हिशेबात धरलेच गेले नव्हते. शिवाय युरियाचे प्रमाण चुकल्यास विषबाधेची भीती होती.

तिसरा प्रयोग मुरघासाचा. फिनलंडचे शास्त्रज्ञ विर्तानेन यांना हिरवा चारा टिकविण्याच्या पद्धतीसह केलेल्या संशोधनासाठी १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. महाराष्ट्रात मुरघासाचा प्रसार लहान शेतकऱ्यांपर्यंत होण्यास मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुट्टीयंत्रे व मक्याचे पीक यांची जोड मिळावी लागली, आणि ती प्रामुख्याने एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मिळाली. मुरघासाने वर्षभर एकसारखा चारा उपलब्ध होतो व कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना वारंवार बदल सोसावा लागत नाही. मात्र त्यासाठी सिंचित जमीन व भांडवल लागते. ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत, त्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

छावणीतील ऊस आणि गायरानाचा वाद

१९७२ च्या दुष्काळानंतरही छावणी हाच चारा धोरणाचा दृश्य चेहरा राहिला. २०१२-१३ व २०१८-१९ मध्ये मराठवाडा, सोलापूर, सातारा व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या भागांत उघडलेल्या छावण्यांत ऊस व उसाचे वाढे हाच मुख्य हिरवा चारा होता. उसात साखर विपुल व प्रथिने अत्यल्प असतात. वाढ्यातील ऑक्झलेटमुळे चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, उपलब्धता घटते. जीव वाचविण्यासाठी हा चारा उपयुक्त ठरला, यात शंका नाही. परंतु छावणी उठल्यावर दूध, गाभण राहणे व पचन यांवर राहिलेल्या परिणामांची दखल घेणारी यंत्रणा छावणीसोबतच उठून जाते.

गायरानाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाने पड जमिनींवरील दलितांचा हक्क पुढे आणला. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. दुसरीकडे जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. गायरानाचा ऱ्हास सरसकट अतिक्रमणाच्या नावे मांडल्यास, ज्यांच्याकडे जनावर बांधण्यापुरतीही जमीन नव्हती त्यांच्यावर अन्याय होतो. ज्या गावात गायरानाची राखण, बियाणे पेरणी व फेरचराई यांचा शतकभर कोणी विचारच केला नाही, तेथे गवताच्या रक्षणाचा भार एकट्या भूमिहीनावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला, १८७८ नंतर चारा हा सामायिक हक्काच्या क्षेत्रातून बाजाराच्या क्षेत्रात गेला. दुसरा, चाऱ्याचे धोरण सातत्याने टंचाई निवारणाचे राहिले. सामान्य वर्षातील चाऱ्याचे नियोजन त्यात अभावानेच आढळते. देशातील लागवडीखालील क्षेत्रापैकी केवळ सुमारे ४ टक्के क्षेत्र चारा पिकांखाली असणे आणि झाशीच्या भारतीय गवताळ व चारा संशोधन संस्थेने ‘व्हिजन २०५०’ मध्ये हिरव्या चाऱ्याची तूट ३५.६ टक्के दाखविणे, हे त्याचेच फलित आहे. तिसरा, जनावराची उत्पादनक्षमता ज्या वेगाने बदलली, त्या वेगाने चाऱ्याची व्यवस्था बदलली नाही; हा वेगातील फरक शेवटी गाईच्या कोठीपोटाने सोसला.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवर्गीय जनावरे व ५६ लाख म्हशी आहेत. त्यांच्या आरोग्याचा विचार करताना औषधोपचार व खाद्यपूरके यांइतकेच गावचे गायरान, कडब्याचे वाण, गवत कापणाऱ्याची मजुरी आणि वैरण वाहणाऱ्या स्त्रीचे श्रम हेही धोरणाचे विषय ठरले पाहिजेत. ज्वारीच्या वाणाची शिफारस करताना धान्यासोबत कडब्याचे उत्पन्न व प्रत यांची नोंद बंधनकारक करणे, दूध संस्थांनी पशुखाद्याप्रमाणे चाऱ्यासाठीही उधारीची सोय करणे आणि गायरान सुधारणेत भूमिहीनांना गवतावरील हक्कासह सहभागी करून घेणे, या तीन गोष्टी फार मोठ्या खर्चाविना शक्य आहेत. गावोगावची गायरान नोंदवही, दुष्काळाचे दप्तर व दूध संस्थांच्या फॅटच्या नोंदी ही साधने आजही उपलब्ध आहेत. इतिहास, अर्थशास्त्र व पशुविज्ञान या विभागांनी ती एकत्रितपणे अभ्यासल्यास तालुकानिहाय चारा इतिहास लिहिणे शक्य होईल व त्याचा उपयोग पुढील दुष्काळापूर्वी होऊ शकेल.